गालिच्याचा पूल

“पाहुन्याचे पाय आपल्या दारात भिजले, तर वर गेल्यावर माझा बाप मला इचारंल, इशू, गावाची अब्रू कितीला इकलीस रं?”

गावकीचा म्होरक्या दादा इशूनं एवढं बोलून काठीचं टोक माझ्या छातीवर टेकवलं.

“सांगा त्याला, फुकटात गेली,” मी म्हणलं. “पूल नव्हता, वाहून गेली.”

मशिदीच्या भिंतीला टेकून अख्खी गावकी उन्हात बसली होती. दोघं-तिघं हसले आणि दादा इशूनं बघितल्यावर खोकायला लागले. माझ्या बापानं, हद्दूनं, मागून माझा जेलाबा, घोट्यापर्यंतचा तो झगा, धरून मला खाली ओढलं. “बस. तोंड हाय का गिरन?”

मी बसलो, पण गप्प नाही बसलो.

भांडण साधं होतं. वरच्या डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं की आमची नदी दुपारनंतर माजते. यंदा एका दुपारी तिनं आमचा लाकडी पूल उचलून नेला. गाव ह्या काठाला. आमचं लसूणघासाचं रान त्या काठाला, बाजाराची वाटही त्याच काठाला. सकाळी पाणी जरा उतरलेलं असतं, तेवढ्यात मी आणि आई कमरेएवढ्या पाण्यातून गवताचे भारे आणायचो. बर्फाचं पाणी ते. बाहेर आलं की पाय आपले आहेत का दुसऱ्याचे, चिमटा काढून बघावं लागतं. बापाचा खुबा मागच्या वर्षी मोडला, तो पाण्यात उतरत नाही. काठावर बसून आम्हाला हुकूम सोडतो.

आणि आमच्या भागाच्या परिषदेनं निरोप धाडला होता. पुढच्या सहा वर्षांत भागात काय काय करायचं त्याचा आराखडा होणार, आणि तो लोकांना विचारून होणार. माणूस येईल, गावात बसेल, सगळं डोळ्यांनी बघेल, काय पाहिजे ते लिहून नेईल. लिहिलं गेलं तर होण्याची आशा. नाही लिहिलं गेलं, तर सहा वर्षं पाण्यात.

“तो मानूस पूल हाय का न्हाई ते बघायलाच येतोय,” मी म्हणलं. “मग नसलेला बघू द्या की! उतरू द्या पान्यात. नाकात पानी गेलं की हात आपोआप लिहील.”

“आधी त्याला कोरडा आनायचा,” दादा इशू म्हणाला. “चहा पाजायचा. जेवू घालायचं. मग जाताना, नदीपाशी, हात हातात घेऊन सांगायचं, बाबा, आमचा पूल तेवढा बघ. मागायची येळ ती. दारात पाय टाकल्या टाकल्या मागतो तो भिकारी.”

“आन् कोरडा कसा आनायचा?”

“पूल बांधून.”

मी बापाकडं बघितलं. बाप जमिनीकडं बघत होता. गावकीतल्या एकालाही ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पूल मागायला माणूस येणार, म्हणून त्याच्यासाठी पूल बांधायचा!

शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाला होता, ह्या पोराला डोकं आहे, बूड नाही. इथं बूड सगळ्यांना होतं.

ठरलं. इर्जिक करायची, घरटी एक माणूस. लाकूड कुणाचं? सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. आमच्या परसातली दोन पॉपलरची झाडं बापानं माडीवरच्या खोलीच्या छतासाठी राखली होती.

“रान तुझं पल्याड हाय, हद्दू,” दादा इशू गोड आवाजात म्हणाला. “फायदा तुझाच.”

गावकीत आपल्या झाडाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. बाप म्हणाला, “घ्या.” एवढंच. आवाज असा आला जसा कुणी दात उपटला.

“माझ्या लग्नाची खोली हाय ती!” मी ओरडलो.

“पोरगी कुठंय?” कुणीतरी विचारलं, आणि मग मात्र सगळे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी झाडं पाडली. ओलं पॉपलर कुऱ्हाडीला चिकटतं. घाव घातला की कुऱ्हाड निघत नाही, आणि काढायला जोर लावला की आपणच मागं बसतो. मी दोनदा बसलो. बाप दगडावर बसून सांगत होता, “डावीकडून घाल. तुझी डावी न्हाई, माझी.” खोडं दोर बांधून नदीपर्यंत ओढली. म्हाताऱ्यांनी मोजून हाका दिल्या आणि आम्ही ओढलं. गावकीत कामाची वाटणी अशीच असते. पुढच्या पहाटे पाणी उतरल्यावर आत शिरून टोकं दगडांत रुतवायला मी, न्हाव्याचा स्कू आणि अजून एक जण. पहारीनं दगड हलवताना स्कूचे ओठ निळे पडले. तो म्हणाला, “बास्सू, मी मेलो तर मला पल्याड पुरा. परत ह्या पान्यातनं नेऊ नका.”

पूल झाला. दोन खोडं, मध्ये फांद्या, वर माती. दादा इशू त्यावर एक पाऊल टाकून मागं आला.

“घसरतंय. पाहुन्याचा पाय सरकंल.”

“गोणपाट टाकू,” स्कू म्हणाला.

“गोणपाट? परिषदेच्या मानसाला?” आणि पुन्हा सगळ्या माना आमच्याकडं.

माझ्या आईनं, इत्तोनं, सगळा हिवाळा मागावर बसून एक गालिचा विणला होता. लाल, त्यात पिवळे चौकोन. लोकर धुण्यापासून रंगवण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. बाजारात मराकेशचा व्यापारी आला की तो विकून दुसरी गाय घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. बापानं विचारलं तेव्हा ती चुलीपुढं भाकर थापत होती.

“पायाखाली? नदीवर?” ती म्हणाली. “बर्फासंगं तुमची अक्कलबी इतळली का काय?”

“एका सकाळीपुरता, इत्तो.”

“दादा इशूच्या घरात गालिचे न्हाईत?”

“त्याचे जुने हाईत.”

“व्हय. आन् माझा नवा हाय म्हनून नदीला.” पण मग ती उठली आणि पिठाच्या हातानं गुंडाळी माझ्या अंगावर फेकली. आमच्या घरात ह्याला होकार म्हणतात.

परिषदेचा माणूस ठरल्याप्रमाणे त्याच सकाळी आला. जवाद त्याचं नाव. बारीक, चष्मेवाला, शहरी बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत रंगीत कार्डं. त्या काठाला गाडीतून उतरला, पुलाकडं बघितलं आणि उभाच राहिला.

“वा!” तो म्हणाला. “वा वा! हे तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.”

तो लाल गालिच्यावरून एकेक पाऊल मोजून टाकत आला, जसा नवरदेव. ह्या काठावर दादा इशू खजूर आणि दूध घेऊन उभा. जवादनं मागं वळून फोटो काढला. मग फोनला रेंज मिळते त्या खडकावर चढला आणि बोटानं काहीतरी केलं.

“कुनाला धाडला?” मी विचारलं.

“अध्यक्षसाहेबांना. एवढ्या आडबाजूच्या गावानं असा पूल राखलाय. कौतुक व्हायला नको?”

म्हणजे नदीत राहो न राहो, फोटोत पूल कायमचा उभा राहिला.

सभा दादा इशूच्या घरात भरली. पुरुष गाद्यांवर, बायका नेहमीसारख्या आतल्या चुलीपाशी. जवादनं कार्डं वाटली. हिरव्यावर जे आहे ते लिहायचं, पिवळ्यावर जे नाही ते. लिहिता येणारे आम्ही तिघं. बाकीच्यांनी कार्डं वास घेऊन खिशात ठेवली.

“आता सगळ्यांनी डोळे मिटा,” जवाद म्हणाला. “सहा वर्षांनंतरचं तुमचं गाव डोळ्यांपुढं आणा. काय दिसतं?”

सगळ्यांनी डोळे मिटले. बराच वेळ कुणी उघडले नाहीत.

“दादा, आपल्याला काय दिसतंय?”

“कबरस्तान,” दादा इशू म्हणाला. “सहा वर्षांनी मी तिथंच असनार. जागा बरी हाय. ऊन येतं.”

बाप घोरायला लागला होता. मी कोपर मारलं.

“बरं,” जवाद म्हणाला, “साधं विचारतो. गावात काय कमी आहे?”

“अल्लाची किरपा,” दादा इशू म्हणाला. “तुम्ही आलात, आता काय कमी?”

“काय कमी न्हाई,” बाप म्हणाला.

“समदं हाय,” स्कूचा बाप म्हणाला.

जवाद लिहीत होता. त्याला काय माहीत, पहिल्यांदा विचारल्यावर आमच्यात असंच म्हणतात. उपाशी माणूससुद्धा आधी पोट भरलंय म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की खरं बोलतात. जवाद एकदाच विचारायचा.

“शाळा?”

“हाय.”

“पाणी?”

“लई हाय.” हे मात्र खरं होतं.

“पूल तर मी बघितलाच,” आणि त्यानं हिरव्या कार्डावर लिहिलं. मी शेजारून वाचलं. पूल, आणि त्याच्यापुढं ‘उत्तम’.

मी उभा राहिलो. कसा राहिलो कळलं नाही, पायच उठले. “खोटंय समदं! पूल आज पहाटं बांधलाय! तुमच्यासाठी! लाकूड आमचं, गालिचा माझ्या आईचा, दुपारी पानी चढलं की समदं जातंय! खोडा ते!”

बापानं माझी पोटरी पकडून अशी पिळली की डोळ्यांत पाणी आलं.

जवादनं चष्मा वर सरकवला. “खरं आहे का हे, दादा?”

“पोराला ऊन लागलंय,” दादा इशू हसून म्हणाला. “चहा घ्या.”

“मी एकदा जाऊन बघतो.”

“जेवून.”

“लगेच येतो.”

“जेवून,” दादा इशू म्हणाला, आणि दाराशी बसलेल्या दोघांनी पाय पसरले. उपाशी पाहुणा उंबरा ओलांडून गेला तर भिजलेल्यापेक्षा वाईट.

मग जेवण आलं. आधी ऑलिव्ह घातलेली कोंबडी. ती संपली, जवाद उठायला लागला, तर बकऱ्याचं मटण. तो पुन्हा उठला तर वाफवलेल्या रव्याच्या कण्यांची, कुसकुसची परात, डोंगराएवढी. त्यानं पट्ट्याचं एक भोक सैल केलं, मग दुसरं. मला उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. तिथून नदीचा आवाज येत होता, आणि तो बदलत होता. आधी कुजबुज, मग दगड एकमेकांवर आपटल्यासारखा.

शेवटचा चहा झाला तेव्हा ऊन पलीकडच्या कड्यावर गेलं होतं. आता दादा इशूची वेळ आली. त्यानं जवादचा हात हातात घेतला, सगळी गावकी मागं, आणि वरात नदीकडं निघाली. काठाशी पोचल्यावर त्यानं घसा साफ केला.

“साहेब,” तो म्हणाला, “जाता जाता एक इनंती. आमचा पूल...” आणि त्यानं काठी पुढं केली.

काठी जिकडं होती तिकडं पाणी होतं. चॉकलेटी, फेसाळ, वर फांद्या गरगरतायत. एक खोड खालच्या दगडाला अडकून थडथडत होतं. दुसरं दिसतच नव्हतं. आणि वळणापाशी काहीतरी लाल उलगडत, गुंडाळत, पुन्हा उलगडत गेलं आणि खडकाआड नाहीसं झालं.

बायका मागं येऊन उभ्या होत्या. आईनं वळणाकडं बघत ओले हात फडक्याला पुसले. ती ओरडली असती तर बाप इतका घाबरला नसता.

जवादनं नदीकडं बघितलं. मग आपल्या बुटांकडं. “आता?” तो म्हणाला.

“आता,” दादा इशू म्हणाला, “संध्याकाळचं जेवन कुनाकडं ते ठरवू.”

ऊन कडक पडलं होतं, बर्फ भराभर सुटत होतं, सकाळीसुद्धा पाणी उतरेना. जवाद अडकला. चार्जर पलीकडं गाडीत राहिलेला, त्याचा फोन पहिल्याच रात्री बंद पडला. मशिदीतल्या मौलवीला घरटी जेवण लावलेलं असतं, तसंच त्यालाही लावलं. प्रत्येक घरानं आदल्या घरापेक्षा जास्त वाढलं. दुसऱ्या दिवशी तो पोट धरून अक्रोडाच्या झाडाखाली आडवा पडलेला मी बघितला.

आमच्या घरी पाळी आली त्या दिवशी गाय सकाळपासून हंबरत होती. तिला काय घालणार? पाडलेल्या पॉपलरचा पाला घातला, तो तिनं हुंगून थुंकला. जवाद ताटावरून उठून दारात आला. पलीकडच्या काठाला हिरवंगार रान वाऱ्यात लवत होतं.

“ते गवत कुणाचं?”

“आमचं,” मी म्हणलं.

“मग कापून का नाही आणत?”

मी नदीकडं बोट केलं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग नदीकडं, मग गायीकडं. चष्मा काढून त्यानं सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला.

“बरं,” तो हळूच म्हणाला. जेवायला परत गेला नाही. आईनं वाढलेलं कुणी टाकलं तर ती सोडत नाही. त्या दिवशी सोडलं.

तिसऱ्या सकाळी त्या काठावर स्वतः अध्यक्ष आला. कोट, टाय, आणि उगाच छत्री. आपला माणूस परत आला नाही म्हणून शोधत आला होता. ह्या काठाला आम्ही सगळे. बायका लोकर धूत होत्या, त्या मुळात तिथंच होत्या. अध्यक्ष काहीतरी ओरडला. नदीनं ते खाल्लं. दादा इशू छाती फुगवून ओरडला. तेही खाल्लं. जवाद ओरडून ओरडून खोकायला लागला.

तेव्हा आईनं हातातली लोकर दगडावर आपटली आणि उभी राहिली. माझी आई समोरच्या कड्यावरच्या शेळ्यांना घरून हाक मारते आणि शेळ्या माघारी येतात.

“कोन हाय त्योऽऽऽ?” ती म्हणाली, आणि अध्यक्षाच्या हातातली छत्री हलली.

त्यानंही मग तोंडाला हातांचा कर्णा केला. आईला ऐकूही तेवढ्याच लांबचं येतं. “त्यो म्हन्तोय,” तिनं आम्हाला सांगितलं, “माझा मानूस परत द्या.”

दादा इशू म्हणाला, “सांग त्याला, साहेब आमच्या डोक्यावर, आमच्या डोळ्यांत हाईत. आमी तुमचे सेवक.”

“पूल द्या, मानूस न्या!” आई ओरडली.

“ए बाई! मी असं न्हाई म्हनालो!”

“तेच म्हनालात. थोडक्यात सांगितलं.”

त्या काठाला अध्यक्षानं फोन वर धरला, बोटानं दाखवलं, पुन्हा ओरडला. आईचा चेहरा बदलला. “म्हन्तोय, पूल हाय की. फोटो हाय त्याच्यापाशी. झकास पूल हाय, आराखड्यात घालायची गरज न्हाई म्हन्तोय.”

सगळे जवादकडं वळले. जवाद मान खाली घालून कार्डाचा कोपरा कुरतडत होता. मला त्याला नदीत ढकलावंसं वाटलं, पण मग पूल कोण लिहिणार?

“साहेबांची भूल झाली म्हनून सांग,” दादा इशू कसाबसा म्हणाला. “हळूच. त्यांचा मान राखून.”

आई पाण्याच्या इतकी जवळ गेली की लाट तिच्या घोट्यावर आली. “त्या फोटोतला गालिचा बघाऽऽ! माझा हाय! सा म्हैने इनलाय! तुमच्या मानसाचे बूट भिजू नयेत म्हनून नदीला घातला! आता नदीला इचारा पूल कुठंय!”

अध्यक्ष फोनकडं बघत राहिला. मग पाण्याकडं. मग पुन्हा फोनकडं. जवाद एकदम त्या खडकावर चढला, दोन्ही हात वर केले आणि आईला म्हणाला, “इत्तोबाई, सांगा, मी लिहितोय. पूल नाही. पूल पाहिजे. सगळ्यांत वर लिहितोय.” आणि आम्हाला म्हणाला, “कुणाकुणाला पाहिजे? हात वर करा, त्यांना दिसू देत.”

पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. आधी कोण करतो, थोरला कोण, मान कुणाचा. तोवर बायकांचे हात गेले होते वर. ओले, रंगानं लाल झालेले, कोपरापर्यंत फेस. मग स्कूचा हात गेला, माझा गेला, बापाचा गेला. शेवटी दादा इशूनं काठी वर केली, म्हणजे हात केला असंही नाही आणि नाही केला असंही नाही.

अध्यक्ष बराच वेळ बोलला.

“म्हन्तोय, लिहितो,” आईनं सांगितलं. “पन काम होईस्तवर पाठपुरावा करायला गावचं मानूस पाहिजे. दर बाजाराच्या दिवशी परिषदेत बैठक. आन् त्यांच्या समितीत बाया कमी पडल्यात म्हन्तोय. बाई द्या म्हन्तोय.”

“आमच्यात बाया सभेला जात न्हाईत म्हनून सांग,” दादा इशू म्हणाला. “मी सवता येतो म्हनावं.”

आईनं पदर कमरेला खोचला. “दादा इशू म्हन्त्यात,” ती नदीपार ओरडली, “लई चांगलं झालं! इत्तोला घ्या!”

दादा इशू काठी आपटत “न्हाई! न्हाई!” म्हणत होता. त्या काठाला फक्त एक म्हातारा आनंदानं उड्या मारतोय एवढंच दिसलं. अध्यक्षानं हात हलवून त्याचे आभार मानले.

पाणी उतरलं त्या सकाळी जवाद गेला. बूट गळ्यात, पिशवी डोक्यावर, छातीपर्यंत पाण्यात. मी पुढं, तो माझा पट्टा धरून. मध्ये एकदा त्याचा पाय सुटला आणि नाकात पाणी गेलं. दादा इशू काठावर पाठ करून उभा होता. पाहुणा भिजताना त्याला बघवेना.

पूल आराखड्यात आहे. जवादनं आईला जाताना सांगून ठेवलं होतं, बैठकीला जे गाव हजर नाही त्याचं काम खाली सरकतं. म्हणून आई एकही बैठक चुकवत नाही. पहिल्या वेळी सगळं गाव बघायला आलं होतं. म्हातारे म्हणाले, बाई एकटी कशी जाईल, कुणीतरी घरचा पुरुष पाहिजे. बापाचा खुबा मोडलेला. उरलो मी. आता दर बाजारी मी तिला पाठीवर घेऊन नदी ओलांडतो, तिथं बाहेर बाकावर बसतो, आणि आतून तिचा आवाज ऐकतो. शहरातले शिकलेले लोक एकेक करून गप्प होत जातात ते बाहेरपर्यंत कळतं. मागच्या वेळी आमचा पूल खाली सरकवून पलीकडच्या गावाची बाजाराची शेड वर घ्यायला निघाले होते. बैठक संपली तेव्हा यादीत पूल होता तिथंच होता आणि शेड दोन घरं खाली होती.

परिषदेत ती लोकसहभागाबद्दल बोलते. घरी बापाला म्हणते, “तुझं मत नोंदवून घेतलंय,” आणि मग स्वतःला हवं ते करते. बाप म्हणतो, नदी बरी होती.

आजही बाजार आहे. बर्फ अजून संपलेलं नाही. आई नवी शाल घेऊन काठावर उभी आहे, चपला हातात, आणि मला ज्या नावानं हाक मारतेय ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाणी चढायला लागलंय. मला निघायला पाहिजे.